पडद्यापलीकडचं बोलणं

मी एक जुना पडदा आहे, मित्रांनो. खिडकीवरचा नव्हे, इस्पितळातला. लोखंडी चौकट, हिरवं कापड आणि खाली चार चाकं, त्यातलं एक कायम कुरकुरणारं. बायकांच्या वॉर्डात माझा मोठा रुबाब होता. आमच्या नर्सबाईंची एक रीत होती. "पडदा लावू का गं?" असं विचारून, समोरची बाई हो म्हणाली तरच त्या मला सरकवायच्या.

एकदा छकुली आली. घरचं नाव छकुली, वय पंचवीस. बुद्धीने जरा मागे, पण मेणबत्त्यांच्या कारखान्यात वाती लावायची आणि एकही तिरकी जाऊ द्यायची नाही. नर्सबाईंनी तिलाही विचारलं. ती हसून हो म्हणाली.

माझ्या पलीकडे तिची आई डॉक्टरांना सांगत होती, "गर्भपिशवीच काढून टाका. दर महिन्याचं निस्तरून थकले मी. उद्या कुणी तिचा गैरफायदा घेतला म्हणजे?"

"पिशवी काढली म्हणून गैरफायदा घेणारे थांबतात होय?" नर्सबाई म्हणाल्या. "डॉक्टर, तिला विचारा तरी. सोपं करून सांगितलं की कळतं तिला."

"तिला काय कळणार?" डॉक्टर म्हणाले.

बघा मित्रांनो! पडदा लावायला तिची परवानगी लागली, पोट फाडायला लागली नाही. मला वाटायचं, मी बायकांचा आब राखतो. इथे तर तिच्यापासूनच तिची गोष्ट लपवायला मला उभं केलं होतं. मला फार राग आला, पण पडद्याचा राग कोण विचारतो?

आई आत येऊन म्हणाली, "पोटातला बाऊ काढायचाय हं. मग लगेच घरी."

छकुली निमूट गेली. आईवर विश्वास ठेवायचा नाही तर कुणावर?

टाके काढायला आली तेव्हा शेजारच्या खाटेवर तान्हं बाळ होतं. तिने नर्सबाईंना विचारलं, "मला कधी होईल?" त्यांनी खोटं सांगितलं नाही. छकुली आईकडे वळली. "आई, तू तर बाऊ म्हणालीस." कुंपणानेच शेत खाल्लं होतं. आई खरंच थकलेली होती, हे मला माहीत आहे. तरीही मी तिला माफ करू शकलेलो नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात, शेजारात अशी एखादी ताई असेल. तिच्या शरीराचं काही ठरवायचं झालं तर आधी तिला सांगा. चित्र काढून सांगा, पुन्हा पुन्हा सांगा. ती नको म्हणाली, तर ते नकोच समजा.

छकुली अजूनही तपासणीला येते. आई तिला प्यायला पाणी देते. ती पेला नाकाशी धरते, वास घेते आणि विचारते, "यात काय आहे?"