उसव, परत घाल

घर सोडून पहिल्यांदा बाहेर पडणार होता एक जण, आणि दारापाशी भरलेल्या बॅगा होत्या दोन!

एक मुलाची. दुसरी त्याच्या आईची.

मुलाला परगावी नवी नोकरी लागली होती. उंचापुरा, शिकलेला, पुलांचे नकाशे काढणारा मुलगा. कुठल्या खांबावर किती भार येईल हे तो झटकन सांगे. पण घरातला भार कोणाच्या खांद्यावर आहे, हे काही त्याला कधी दिसलं नव्हतं. घरात त्याला सगळे 'शेठ' म्हणत. लाडानं पडलेलं नाव, पुढे त्याचा टोमणा झाला आणि मग सवयच झाली. तर रविवारी शेठ निघणार होते, आणि त्यांचं बस्तान बसेपर्यंत आईही सोबत जाणार होती. किती दिवस? "बघू या," आई म्हणे. आईचं 'बघू या' किती लांबतं, ते तुम्हाआम्हाला ठाऊक आहे.

आई शिवणकाम करायची. पुढच्या खोलीत मशीन, भिंतीला टांगलेले गिऱ्हाइकांचे कपडे, आणि दुपारी शिवण शिकायला येणाऱ्या दोन मुली. स्वतःच्या हिमतीवर उभं केलेलं काम. त्या मशीनवर आता जुनी चादर पडली होती. मुलींनाही सांगून टाकलं होतं, "आता दुसरीकडे शिका गं."

हे कानावर गेलं आणि ताई शनिवारी सकाळीच येऊन थडकली. ताई म्हणजे शेठची मोठी बहीण. लग्न होऊन जवळच राहायची, औषधांच्या दुकानात कामाला होती.

"आई, तू कशाला जातेयस? तो काय बालवाडीत चाललाय?"

"अगं, साधा भात लावता येत नाही त्याला. उपाशी मरेल तिथे."

"मग शिकव ना!"

"आठवडाभर तेच करतेय! डोकं फुटायची वेळ आलीय माझी. पण शिकतोय कुठे तो?"

"शिकवतेय कुठे ही?" शेठ सोफ्यावरून म्हणाला.

"ऐकलंस? वर तोंड करून बोलतोय!"

"ऊठ रे," ताई म्हणाली. "आत्ता भात लाव. बघू दे मला, कोण खरं बोलतंय ते."

शेठनं तांदूळ घेतले. धुताना चार दाणे सिंकमध्ये गेले.

"सांडतोयस काय! दे इकडे." आईनं पातेलं ओढून घेतलं, तांदूळ धुऊन परत दिले.

त्यानं पाणी ओतलं.

"एवढं? पोहायचंय का भातात? दे इकडे."

त्यानं लायटर उचलला. गॅस आधी सोडायचा की ठिणगी आधी पाडायची, याचा विचार करायला तो क्षणभर थांबला.

"अरे, देवा! दे इकडे!"

झालं! भात शेगडीवर चढला होता आणि शेठ परक्या घरी आलेल्या पाहुण्यासारखा खिशात हात घालून बाजूला उभा होता.

"बघ," आई ताईला म्हणाली, "शेवटी मलाच करावं लागलं की नाही?"

बाहेरच्या खोलीतून बाबांचा आवाज आला. "नाही जमायचं त्याला. आमच्याही आईनं आम्हाला कधी स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही. काय बिघडलं आमचं? जरा पाणी आण गं."

आणि आई ग्लास भरून निघालीसुद्धा!

ताईनं तो ग्लास तिच्या हातातून काढून ओट्यावर ठेवला. "आई, शाळेत असताना माझा भात करपला होता. तेव्हा काय म्हणाली होतीस, आठवतंय?"

"काय म्हणणार? परत कर म्हणाले असेन."

"मी रडत होते. तरी म्हणालीस, पातेलं घास आणि परत कर. मला एकदाही 'दे इकडे' म्हणाली नाहीस. मला 'परत कर' आणि याला 'दे इकडे'! का? पोटं तर दोघांनाही सारखीच आहेत."

"तू मुलगी. तुला दुसऱ्या घरी जायचं होतं."

"मग हा उद्या कुठे चाललाय?"

कोंडीत सापडलं की आपण चिडतो, तशी आई चिडली. "मी माझ्या लेकराला जपते, त्यात तुझं काय जातं गं?"

"तुझं जातंय, आई! ते मशीन जातंय." ताईचा आवाज चढला, मग तिनंच तो खाली आणला. "बरं, एवढं सांग. तुझ्या मुलींची शिवण वाकडी गेली, तर तू त्यांच्या हातातून कापड ओढून घेतेस का?"

"छे! ओढून घेतलं तर त्या शिकणार कशा? मी म्हणते, उसव, परत घाल. कितीही वेळा…"

आणि आईची नजर शेगडीवरच्या भाताकडे गेली.

पातेल्यावरचं झाकण खडखडत होतं.

"ऑफिसात माझ्या हातात अख्खा पूल देतात," शेठ हळूच म्हणाला, "आणि घरात पातेलं देत नाहीत. मला वाटायला लागलं होतं, मला खरंच येणार नाही."

"तूही काही गरीब गाय नाहीस," ताई त्याच्याकडे वळली. "हातातून घेतलं की सुटलो म्हणून सोफा गाठायचास!"

"गाठायचो," शेठनं कबूल केलं. खाली मान घालून, पण केलं.

आईनं स्टूल ओढलं आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून त्यावर बसली. "लाव परत. मी उठले तर मला बांधून घाला."

शेठनं दुसरं पातेलं घेतलं. तांदूळ सांडले, ओटा भिजला, लायटर चारदा खटखटला. आईचे खांदे दर वेळी उडत होते, पण हात जागचे हलले नाहीत. शेवटी शेठनं झाकण काढून डोकावलं.

"खाली करपलाय. वर कच्चाच आहे."

आईच्या ओठांवर शब्द आलेच होते. तिनं ते गिळले.

"पातेलं घास," ती म्हणाली. "परत लाव."

पुढचा भात जरा गिचका झाला, पण सगळ्यांनी जेवायला तोच घेतला. दुपारी आईनं आपली बॅग उघडून साड्या कपाटात ठेवल्या, मशीनवरची चादर काढली आणि मुलींना फोन केला, "सोमवारी या गं."

रविवारी शेठ एकच बॅग घेऊन निघाला. त्याच्या पांढऱ्या शर्टाचं एक बटण काळ्या दोऱ्यानं लावलेलं होतं. त्यानंच लावलं होतं. आईचा हात आपसूक तिकडे गेला, बटणापाशी थांबला आणि नुसताच छातीवर थोपटून मागे आला.

"पोचलास की फोन कर."

"आणि भात करपला तर?"

"तर परत लाव. त्यासाठी फोन नको!"

मंडळी, मूल घराबाहेर पडण्याची तयारी आपण बॅगेत भरायला जातो, पण ती तिथे मावत नाही. ती लहानपणापासून त्याच्या हातात द्यावी लागते, आणि एकदा दिली की परत ओढून घ्यायची नसते. मुलीला 'परत कर' आणि मुलाला 'दे इकडे' म्हणतो, तेव्हा आपण एकीला राबायला लावतो आणि दुसऱ्याला पांगळं करतो. त्याला माया म्हणू नये. खरी माया दोघांनाही करपवू देते, आणि दोघांकडूनही पातेलं घासून घेते!

हो, बाबांचं सांगायचं राहिलंच. सोमवारी दुपारी मशीन सुरू होतं, मुली टाके घालत होत्या, आणि बाबा आयुष्यात पहिल्यांदा स्वतः केलेला चहा घेऊन दारात उभे राहिले. कपातला थोडा बशीत सांडला होता. चहाला रंग असा नव्हताच.

"जमलाय का?" त्यांनी विचारलं.

मुलींच्या सुया थांबल्या. आईनं एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि पुन्हा मशीनकडे वळली.

"परत करा," ती म्हणाली.