बिनकामाची फुलं
गच्चीवर मुलांकडून बादल्यांत छोटे भोपळे लावून घ्यायची टूम तिसऱ्या मजल्यावरच्या मॅडमनी काढली. बाईंच्या घरात प्लास्टिकचं झाडही धूळ खाऊन मेलं असतं; पण गळ्यात शिट्टी अडकवली आणि झाल्या तज्ज्ञ!

"ज्या फुलामागे भोपळा नाही ते बिनकामाचं. फुकट वेलाचं खातं. मी रोज पहाटे खुडून टाकणार," मॅडमनी फर्मान सोडलं.

चिमणीच्या आईला राहवलं नाही. "अहो, ती नर फुलं आहेत. एवढ्या उंचावर मधमाश्या फिरकत नाहीत. त्यांचा पराग आपणच मादी फुलाला लावायला हवा."

"तुम्ही ना, फार वाचता बाई!" मॅडम हसल्या. बाकीच्या आयाही हसल्या. त्यातल्या दोघींना कशाला हसतोय याचाही पत्ता नव्हता.

मग व्हायचं तेच झालं. मादी फुलांमागचे इवलेसे भोपळे पिवळे पडून गळू लागले. मॅडमनी खापर फोडलं मुलांच्या पाणी घालण्यावर. उथळ पाणी ते, खळखळणारच. पण चिमणीने ते मनाला लावून घेतलं.

"आई, माझा भोपळा मीच मारला का गं?"

आईने चिमणीचा वेल चाचपून पाहिला. थकलेल्या वेलावर आता एकच मादी कळी उरली होती. ती उमलली त्या सकाळी मायलेकी धावत गच्चीवर गेल्या. पाहतात तो काय, सगळ्या बादल्यांत मिळून एक नर फूल शिल्लक नाही! आणि हे फूल तर दुपारपर्यंत मिटणार.

आईने फोन काढला. अंदाज खरा ठरला. मॅडमच्या स्टेटसवर काचेचं भांडं, त्यात तरंगणारी पिवळीधमक फुलं, खाली ओळ: 'निसर्गाच्या सहवासात'.

अडला हरी, म्हणत तिने मॅडमची बेल दाबली. दार उघडलं. समोरचे पाय चमकीच्या सपातांत होते.

"काय सुरेख मांडणी केलीय हो! एक फूल द्याल? चिमणीला चित्र काढायचंय."

"घ्या की! आली म्हणायची सौंदर्यदृष्टी तुम्हालाही."

आईने तो टोमणा गिळला. गच्चीवर चिमणीने पाकळ्या सोलल्या, परागाची दांडी मादी फुलाच्या मधोमध हळूच फिरवली. श्वास रोखून.

भोपळा धरला. मुठीएवढा झाला तशा मॅडम बादलीला खेटून फोटोला उभ्या. "बघितलंत? मी फुलं खुडली म्हणून धरला!"

आयत्या बिळावरचा नागोबा शिट्टी घालून डोलतोय, आईच्या मनात आलं. ती तोंड उघडणार, तोच चिमणीने तिचा पदर ओढला.

"आई, आत्ता नको ना भांडूस," ती कुजबुजली. "उद्या शेजारच्या बादलीतलं मादी फूल उमलतंय. मॅडमच्या भांड्यातलं एक लागेल."