खुंटीवरचा टोप

मित्रांनो, मी एक जुना रबरी टोप आहे. रुबाबाचा नव्हे, जीव वाचवण्याचा. युद्धात विषारी वायू सोडला, की धडधाकट सैनिक मुखवटा चढवतो. पण डोक्याला जखम असली, तर बँडेजवरून मुखवटा घट्ट बसत नाही. अशांच्या डोक्यावरून मला गळ्यापर्यंत ओढतात. माझ्या पुढच्या बाजूला काच आहे आणि हनुवटीपाशी हवा गाळणारा डबा.

कारखान्यातल्या बायकांनी मला फुगवून पाण्यात बुडवले होते. एकही बुडबुडा आला नाही, तेव्हा मी पास झालो.

छावणीच्या दवाखान्यात म्हातारा भांडारवाला मला पावडर लावून खुंटीला टांगायचा. त्याची बदली झाली. नवा आला तो मोठा टापटिपीचा. त्यानेही पावडर लावली. पण मग रुमालासारख्या माझ्या घड्या करून वर पेटी ठेवली. खोली छान दिसू लागली. साहेबांनी त्याची पाठ थोपटली. घडीवर माझे रबर चिरत होते आणि मला ओरडता येत नव्हते.

एका सकाळी धोक्याची घंटा वाजली. सिस्टरने स्वतःचा मुखवटा चढवला आणि मला घेऊन डोके फुटलेल्या ड्रायव्हरकडे धावली. तिने मला त्याच्या डोक्यावरून गळ्यापर्यंत ओढले.

"आईनं या अवतारात पाहिलं, तर दारच उघडायची नाही," तो माझ्याआडून म्हणाला.

"बोलू नका. सावकाश श्वास घ्या."

तेवढ्यात तिला माझ्यावरची बोटभर चीर दिसली. तिने चिकटपट्टी लावली. पावडरीवर ती टिकेना. दाराखालून पिवळट धूर सरपटत आत येत होता.

"सिस्टर, फाटलाय का हा?"

तिने चिरेच्या दोन्ही कडा चिमटीत धरल्या आणि तशीच बसून राहिली. खाटेचे पाय धुरात दिसेनासे झाले. माझी काच त्याच्या श्वासाने भराभर धुरकटत होती. तिची बोटे कापू लागली. ती सुटली असती, तर ज्याला वाचवायला मी जन्मलो, त्याचा जीव माझ्यातच गेला असता. मग ड्रायव्हरने चाचपडत हात वर आणला आणि तिच्या बोटांवर दाबून धरला.

धूर ओसरला, तरी तिची चिमूट उघडेना.

"आता तरी सोडा की, ताई," तो म्हणाला आणि त्याने तिचे एकेक बोट सोडवले.

मित्रांनो, आता मी निकामी आहे, पण पुन्हा खुंटीवर आहे. टापटिपीचा भांडारवाला रोज माझ्या चिरेवरून बोट फिरवतो आणि मग बाकीचे टोप तपासायला घेतो. वस्तू नीट रचली म्हणजे जपली, असे समजू नका. आमच्यावर घडी पडते, तेव्हा उद्या आत कोणाचा श्वास असेल, हे कोणालाच ठाऊक नसते.