बक्षिसाचा लॅपटॉप

“विंडोजचं लायसन तर जाणार नाय ना?” बद्रीनाथांनी पुन्हा विचारलं.

मोईनभाई हसला. “नै जाता, चाचा. लायसन इसके बोर्ड सेच जुडा रहता. विंडोज नवीन टाकलं तरी मशीन तीच ना? नेट लगाया, के वरचा सर्व्हर उसको पहचानता और लायसन अपने आप आ जाता.”

“म्हंजे आपण काय दाखवायची गरज नाय?”

“काहीच नै. मशीन खुद सांगतं, मी कोण म्हणून.”

बद्रीनाथांना हे फार पटलं. टीव्ही सेंटर चौकातल्या मोईनभाईच्या त्या बोळकांडीएवढ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात ते स्टुलावर ऐसपैस बसले. मांडीवर लॅपटॉपचं कव्हर होतं. बायकोनं, आवडाबाईंनी, जुन्या इरकली लुगड्याचा काठ लावून ते हातानं शिवलेलं.

बद्रीनाथ महापालिकेच्या पाणीपुरवठ्याचे लाईनमन. लोखंडी चावी खांद्यावर टाकायची आणि ज्या भागाची पाळी असेल तिथला व्हॉल्व्ह फिरवायचा, यात त्यांचा जन्म गेला. शहर चहूबाजूंनी फुगत गेलं, धरण आटत गेलं आणि दोहोंच्या मध्ये सापडले बद्रीनाथ. पुढाऱ्यापासून सख्ख्या मेहुण्यापर्यंत सगळ्यांनी दहा मिनिटं जास्तीची मागून पाहिली. यांनी कुणाला भीक घातली नाही. मेहुणा तर अजून बोलत नाही. टँकरवाल्यांचा त्यांना मनस्वी तिटकारा होता. टँकर दिसला की तोंड फिरवून थुंकायचे आणि म्हणायचे, “लोकायच्या तहानेवर पोट भरतेत.”

त्यांचा शिवम मात्र इंजिनियर. बिडकीनकडं नव्यानं उभ्या राहिलेल्या एका कंपनीत. गेल्या दसऱ्याच्या आधी तो हा लॅपटॉप घेऊन घरी आला. चांगल्या कामाचं बक्षीस म्हणाला. बद्रीनाथांनी गल्लीभर पेढे वाटले, न बोलणाऱ्या मेहुण्याकडंही पाठवले. खंडेनवमीला पाटावर व्हॉल्व्हची चावी आणि लॅपटॉप शेजारी शेजारी मांडले आणि आवडाबाईंनी दोघांनाही हळदकुंकू वाहिलं. आता उन्हाळ्यात लॅपटॉप फार रखडायला लागला होता. धाकट्या तनुजाच्या परीक्षेचे ऑनलाईन तास मध्येच अडकायचे. शिवमला सांगितलं, तर तो म्हणे, “चालतंय तसं चालू द्या. कुठं नेऊ नका.” पण लेकीचं तोंड बघवेना, म्हणून बद्रीनाथ आज गुपचूप घेऊन आले होते.

“झालं. अब नेट,” म्हणत मोईनभाईनं वायफाय जोडलं.

पडदा क्षणभर पांढरा झाला. मग त्यावर बिडकीनच्या त्या कंपनीचं ठसठशीत नाव उमटलं. खाली लिहिलं होतं, कंपनीच्या खात्यानं आत या.

मोईनभाईचं हसू मावळलं. “चाचा, ये किसका है?”

“पोराचा. कंपनीनं बक्षीस दिलाय.”

“दिया होता, तो कंपनी अपने यहाँ से इसका नाव काढती.” तो हलक्या आवाजात म्हणाला, “हा अजून कंपनीचाच आहे. पुसून काढा, काहीही करा, नवीन विंडोज टाकताना नेट लागलं की मालकाचं नाव सांगणारच.”

बद्रीनाथांच्या कानशिलात कुणीतरी मारावी तसं झालं. 

“विंडोज नेट के बगैर डाल देता मैं, नेट बाद में लगाना,” मोईनभाई कनवाळूपणे म्हणाला. “किसी को पता नै चलेगा.”

कुणाला कळणार नाही. हे त्यांनी आजवर शेकडो जणांच्या तोंडून ऐकलं होतं.

“नको,” ते म्हणाले. “बंद कर त्याला.”

संध्याकाळी शिवम डबा हलवत घरात शिरला आणि समोर लॅपटॉप बघून उंबऱ्यातच थबकला.

“कंपनीचं नाव आलं रं त्याच्यावर,” बद्रीनाथ म्हणाले.

शिवमनं डबा खाली ठेवला. “आमची प्रॉडक्शनची लाईन बंद केली, आप्पा. दसऱ्याच्या आधीच. सगळ्यायला काढलं. सामान जमा करून घ्यायला त्या दिवशी कुणी जाग्यावर नव्हतं, म्हणून घरी आणला. आईनं विचारलं, बक्षीस भेटलं का? मी व्हय म्हणून बसलो. तुमी तर लगेच पेढे आणले. मग कसं सांगू?”

“मग रोज डबा घेऊन जातोस कुठं?”

“टँकरवर. चालवतो.”

 आत आवडाबाईंच्या हातातली पळी पडल्याचा आवाज आला. या उन्हाळ्यात किती टँकर अंगावरून गेले होते. एकाच्याही खिडकीत त्यांनी मान वर करून पाहिलं नव्हतं. विचारायचं धाडस होत नव्हतं, तरी त्यांनी विचारलं.

“मी दिसलो का तुला कधी?”

“दोन-तीनदा,” शिवम म्हणाला. “तुमी तोंड फिरवलं.”

त्या घरात त्या दिवशी कुणी नीट जेवलं नाही.

सकाळी बद्रीनाथांनी ओल्या फडक्यानं लॅपटॉपवरचं कुंकू पुसलं. बिजागरीच्या फटीत थोडा लाल डाग राहिलाच. शिवम कोपऱ्यावर टँकर घेऊन थांबला होता. बद्रीनाथ दाराशी घुटमळले, मग दांडा धरून वर चढले. 

कंपनीच्या फाटकाशी आतून एक तरुण अधिकारी आला. शिवमला तो ओळखत होता. त्यानं लॅपटॉप उलटा करून नंबर ताडून पाहिला. “इतक्या दिवसांनी?”

“उशीर झाला,” बद्रीनाथ म्हणाले. “चुकलं आमचं.”

अधिकाऱ्यानं जास्त ताणलं नाही. कव्हर परत करत त्यानं सहज विचारलं, “सध्या कुठे असतोस, शिवम?”

शिवमनं वळून मागं पाहिलं. फाटकाबाहेर टँकरच्या तोटीतून पाणी गळत होतं.

“टँकरवर असतो,” बद्रीनाथ म्हणाले. “पाणी पोचवतो लोकायला.”

कव्हरची घडी त्यांनी काखेत मारली आणि बाहेर आले. शिवमनं गाडी सुरू केली, तरी ते चढले नाहीत. टँकरमागं जाऊन त्यांनी तो गळका व्हॉल्व्ह दोन्ही हातांनी आवळला, थेंब थांबला का ते वाकून पाहिलं, आणि मग येऊन लेकाशेजारी बसले.