वकिलातीजवळची खोली

मुलीसाठी स्थळ बघायला जातात तसे आमचे हे मुंबईत हॉटेल बघायला गेले. पांढरा शर्ट, टोपी, सोबत पुतण्या प्रणित. किन्हवलीहून पहाटेची एसटी, आसनगावहून पुढे गाडी, मग रिक्षा, थेट कलिन्यापर्यंत. हॉटेल हवं होतं एका रात्रीपुरतं आणि तेही माझ्यासाठी, पण मला कुणी विचारलं नाही.

झालं होतं असं. आमची कुणाली अमेरिकेत, तिला सातवा महिना चालू. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आमच्याकडे रीत आहे. पण पोटुशी मुलगी एवढा प्रवास करणार कशी, म्हणून माहेरानंच तिच्याकडे जायचं ठरलं. माहेर म्हणजे मी, कारण हे म्हशी सोडून दोन दिवसांवर कुठे राहत नाहीत. प्रणितनं माझा फॉर्म भरला आणि अमेरिकन वकिलातीची जानेवारीतली तारीख मिळाली. पहिल्या दिवशी दुपारी बोटांचे ठसे, दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला मुलाखत. व्हिसा मिळाला तर मी लेकीजवळ, नाही तर ती परमुलखात जावयाच्या भरवशावर. जावई गुणाचा आहे, पण त्याला अजून कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नाहीत.

प्रणितनं मोबाइलवर ढीगभर हॉटेलं दाखवली होती. यांना एकही पसंत पडेना. फोटोत पलंग सगळेच चांगले दिसतात, असं यांचं म्हणणं. मग स्वतः जाऊन पाहिलं. वकिलातीच्या फाटकापासून हॉटेलच्या दारापर्यंत पावलं टाकली, ती नऊशे चाळीस भरली. नळ सोडून गरम पाणी किती वेळात येतं ते बघितलं. गादी दाबली. काउंटरवरच्या माणसाबरोबर चहा घेतला, त्याला मुलं किती, ती शिकतात कुठे, तेही विचारून आले. त्यानं विचारलं, तुम्ही कुठून आलात, तर यांनी सांगितलं, "गावावरून. लांबून." आमच्याकडचा माणूस मुंबईत गेला की एवढंच सांगतो. किन्हवली म्हटलं तर कोण ओळखणार?

घरी येऊन म्हणाले, "खोली पक्की केली. माणूस सरळ हाय."

कळव्याला यांची सख्खी बहीण राहते. रत्ना, माझी नणंद. तिच्या घरून वकिलात दीड तासावर. कुणाली कॉलेजची चार वर्षं तिच्याकडेच राहिली, तिच्याच हातचं जेवली. मग हॉटेल कशाला, असं कुणीही विचारेल. विचारायला कुणी नव्हतं, कारण आम्ही कुणाला सांगितलंच नव्हतं. ना सातव्या महिन्याचं, ना व्हिसाचं.

दोन वर्षांपूर्वी कुणालीला पहिल्यांदा दिवस गेले, तेव्हा रत्नावन्संना कोण आनंद झाला. एका हळदीत त्यांनी अर्ध्या गावाला सांगून टाकलं. महिन्याभरात कुणालीचं पोट पडलं. तेव्हा आमच्या ओटीवर, चारचौघींत, मी त्यांना म्हणाले होते, "तुमच्याच तोंडानं गेलं." त्यांनी चप्पल घातली आणि कळव्याला निघून गेल्या. तेव्हापासून लग्नाकार्यात समोरासमोर आलो तर हसायचो, एवढंच. माझी जीभ अशी आहे. सुटली की मला विचारत नाही.

म्हणून या वेळी मी घरातल्या सगळ्यांना तंबी दिली होती. शिक्का बसेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. शेजारणीला सांगितलं, कल्याणला डोळे दाखवायला चाललोय.

बोटांचे ठसे पहिल्याच दिवशी दुपारी झाले. मशीन माझी बोटं घेईना. भातलावणीत आणि भांड्यांत झिजलेली ती बोटं. तिथल्या मुलीनं ओल्या कपड्यानं पुसून पुसून चौथ्या खेपेला घेतली. मग आम्ही दोघं पिशवी घेऊन यांच्या पसंतीच्या हॉटेलात गेलो.

काउंटरवर तोच माणूस. यांना ओळखून हसला. यांनी मुलांची चौकशी केली. त्यानं आमची आधार कार्डं मागितली, बघितली आणि त्याचं हसू गेलं.

"ठाणे जिल्हा," तो म्हणाला. "काका, लोकल आयडी पे रूम नहीं मिलेगा."

"लोकल म्हंजे?" यांनी विचारलं.

"मुंबई, ठाणे का आयडी. सेठ का रूल है."

"अरे, किन्हवली कुठं, ठाणं कुठं? आमच्याकडनं ठाण्याला यायला अर्धा दिवस जातो."

"कार्ड पे ठाणे है ना."

मी पासपोर्ट पुढे केला. त्यावरही तेच. तो मला खालपासून वरपर्यंत बघत होता. नियम कशासाठी असतो ते मग माझ्या ध्यानात आलं. इथलीच माणसं खोली कशाला घेतील, तर काहीतरी लपवाछपवी असेल म्हणून. लग्नाला एकतीस वर्षं झाली, केस पिकले, गुडघे गेले आणि आता हा माणूस माझ्याकडे यांच्याबरोबर पळून आल्यासारखं बघतो. मला आधी हसू आलं आणि मग इतका राग आला की कानशिलं तापली. हे मात्र त्याला समजावतच राहिले, की चहा प्यालो ना आपण, मुलं कुठल्या शाळेत ते सांगितलंस ना. ते ऐकून मला फार वाईट वाटलं.

शेजारच्या दोन हॉटेलांतही तेच उत्तर मिळालं. पिशवी घेऊन आम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. घरी परत जाऊन साडेसातला पुन्हा पोचणं शक्य नव्हतं.

"रत्नीला फोन लावू?" यांनी दुसरीकडे बघत विचारलं.

"मी लावते," मी म्हणाले.

फोन लगेच उचलला गेला. मी कसंबसं सांगितलं, की आम्ही मुंबईत आहोत, उद्या सकाळी काम आहे, रात्रीपुरतं येऊ का. काय काम, ते त्यांनी विचारलं नाही. म्हणाल्या, "या. भात टाकते."

त्यांच्या घरी पोचलो तर सुकटीचा वास दारापर्यंत आला होता. जेवायला बसलो. यांनी खाली मान घालून सगळं सांगितलं, हॉटेलचं, व्हिसाचं. कुणालीपर्यंत आले आणि थांबले. मग मीच म्हणाले, "वन्सं, कुणालीला सातवा लागलाय."

"मला माहीत हाय," त्या म्हणाल्या.

आम्ही दोघांनी मान वर केली.

"तिसऱ्या महिन्यात तिचा फोन आला होता. ओकाऱ्या थांबत नव्हत्या, काय करू म्हणून विचारत होती. म्हणाली, आत्या, आईला कळू देऊ नकोस तुला माहीत हाय म्हणून." त्यांनी माझ्या ताटात भात वाढला. "कुणाला नाय बोलले मी. घरातपण नाय."

चार महिने. जिला पोटात काही ठेवता येत नाही असं मी गावभर म्हणत होते, तिनं चार महिने माझ्याच लेकीची गोष्ट माझ्यापासून सांभाळली. मी हातातला घास ताटात ठेवला.

"वन्सं, तेव्हा माझं चुकलं," मी म्हणाले. "मी तसं बोलायला नको होतं."

"भात गार होतोय," त्या म्हणाल्या.

पहाटे साडेतीनला उठून त्यांनी भाकऱ्या थापल्या, डबा भरला. आत डबा चालत नाही म्हटलं तर म्हणाल्या, "दादा खाईल. तो बाहेर बसून काय करणार?" निघताना मी वाकले, तर त्यांनी माझी पाठ थोपटली.

वकिलातीत रांगा झाल्या, तपासणी झाली, शेवटी मी काचेसमोर उभी राहिले. पलीकडे एक गोरा मुलगा, आमच्या प्रणितच्या वयाचा. बाजूला त्याचं बोलणं मराठीत सांगणारी बाई. प्रणितनं माझ्याकडून उत्तरं घोकून घेतली होती. मुलगी काय करते, जावई काय करतो, किती दिवस राहणार, सगळं धडाधडा सांगितलं. मग त्या बाईनं विचारलं, "साहेब विचारतायत, तुम्ही परत याल कशावरून? इथे तुमचं काय आहे?"

याचंही उत्तर पाठ होतं. शेत, घर, नवरा. सातबाराचा उतारा फायलीत सगळ्यात वर लावलेला. पण ते उत्तर तोंडात आलंच नाही. दुसरंच आलं.

"काल संध्याकाळी हॉटेलवाला म्हणाला, बाई, तुम्ही इथल्याच, तुम्हाला खोली नाही. आणि आज तुम्ही विचारता, इथल्या कशावरून. तुम्ही दोघांनी एकदा बसून ठरवा."

बाईनं ओठ दाबले आणि सांगितलं त्याला इंग्रजीत. तो टाइप करायचा थांबला. काही बोलला.

"मग रात्री कुठे राहिलात, असं विचारतायत."

"नणंदेकडे. दोन वर्षं मी तिच्याशी धड बोलले नव्हते. तिनं दार उघडलं, जेवायला घातलं, पहाटे उठून भाकऱ्या केल्या. मे महिन्यात आमचा राब भाजायचा असतो, पालापाचोळा जाळून, भाताचं रोप टाकायच्या आधी. त्याला मी नसले तर यांना एकट्याला जमत नाही. ही माणसं इथं टाकून मी तुमच्याकडे राहू कशाला? बाळाला न्हाऊ-माखू घालते, लेकीला उभी करते आणि येते."

जीभ सुटली होती. आता गेलं सगळं, असं मला वाटलं. त्या मुलानं बाईचं सगळं ऐकून घेतलं, परत टाइप केलं आणि माझा पासपोर्ट बाजूच्या टोपलीत टाकला. मी काचेखाली हात धरून तशीच उभी.

"मावशी, झालं. जा तुम्ही," बाई म्हणाली.

"माझा पासपोर्ट?"

"तो इथे राहतो. व्हिसा लागून येईल."

मला ते दोनदा विचारावं लागलं.

बाहेर हे फाटकासमोरच्या कट्ट्यावर बसले होते. डबा मांडीवर, झाकणही उघडलेलं नव्हतं. माझ्याकडे बघत उभे राहिले, पण विचारायचा धीर होईना. मी मान डोलावली. यांनी टोपी काढून तोंड पुसलं आणि खिशातून फोन काढून माझ्यापुढे धरला.

"कुणालीला लाव. नायतर प्रणितला."

मी कळव्याचा नंबर लावला.

"बोल, वैनी," रत्नावन्सं म्हणाल्या.

"मिळाला."

पलीकडून नाक ओढल्याचं ऐकू आलं.

"कुणालीला कळवलंस?"

"नाय. पयलं तुमाला."

मग हळू आवाजात, परवानगी मागावी तसं त्यांनी विचारलं, "मग आता गावात सांगू का कुणाला?"

"सांगा," मी म्हणाले. "तुमीच सांगा, वन्सं. सगळ्यांना सांगा."