आतल्या लूपमधून बाहेर

बाळ चार महिन्यांचं झालं आणि ती कामावर परतली. साहेबांनी तिला खुर्चीत टेकूही दिलं नाही. "कर्नेलच्या, संगणकाच्या गाभ्याच्या, कामात आता एकच जागा उरलीय. तू नाहीतर दादा. फंक्शनांचा मागोवा घेणारा आपला कोड रखडत चालतो. जो त्याला पळवेल तो राहील. दुसरा चाचणीच्या टेबलावर."

दादा शेजारच्याच टेबलाचा. हे काम त्यानेच तिला बोट धरून शिकवलेलं.

दुखणं तिला लगेच सापडलं. एकाच फंक्शनवर, प्रोग्रामच्या एकाच तुकड्यावर, पाळत ठेवायची असली, तरी कोड लूपमध्ये फिरत हजारो नावांची यादी शेवटपर्यंत चाळत बसे. हवं ते हाती लागल्यावर पुढे भटकायचं कशाला? तिने तिथे लूप तोडणारा 'ब्रेक' टाकला. आपल्या छोट्या यंत्रावर चालवला, तर कोड वाऱ्यासारखा सुटला.

"दादा, एकदा बघतोस?"

दूध भरून आलेलं, हात छातीशी घेऊन ती अवघडून उभी राहिली. त्याने वाचलं. एका ओळीवर जरा थबकला. मग हसला. "झकास! दे पाठवून, तायडे. आणि पळ घरी, लेकरू वाट बघत असेल."

तिला भरून आलं. सख्खा भाऊ तरी याहून काय करतो?

दुसऱ्या दिवशी बैठकीत साहेबांनी तो कोड मोठ्या यंत्रावर चालवला. वेळ जवळजवळ तेवढाच लागला.

"लागणारच," दादा म्हणाला. "लिहिताना एक दिसतो, पण लूप आहेत दोन, एकाच्या पोटात एक. बाहेरचा पानं उलटतो, आतला पानावरची नावं वाचतो. हिचा ब्रेक आतल्यातून तेवढा सुटतो. बाहेरचा आपला उलटतोय पानं! हिच्या यंत्रावर अख्खी यादी एका पानात मावते, म्हणून बाईंना वाटलं, गड जिंकला."

"डोकं बाळंतिणीच्या खोलीतच विसरलीस का गं?" साहेबांनी विचारलं. सगळे खो खो हसले.

"तू काल बघितलं होतंस ना?" ती हळूच म्हणाली.

"बघितलं की. मलाही दोन पोरं आहेत, तायडे."

दुपारी चाचणीच्या टेबलावर पहिलंच काम आलं: तिचाच कोड, दादाने दुरुस्त केलेला. फरक एका ओळीचा, नाव त्याचं. तिने तो लहान यंत्रावर पिटाळला, मोठ्यावर पिटाळला. कुठेतरी अडखळ रे मेल्या, म्हणत राहिली. तो अडखळला नाही. तिकडे बाळाची दुधाची वेळ टळून गेली.

"झालं का गं?" पलीकडून दादाची हाक आली.

तिने 'बरोबर आहे' असं लिहिलं आणि पाठवून दिलं.