सहकुटुंब शुभेच्छा

फ्लेक्स टेबलावर मावेना, म्हणून दोन शिपायांनी तो दोन बाजूंनी धरून उभा केला. एक शिपाई उंच, दुसरा बुटका, त्यामुळे चित्रातलं अख्खं कुटुंब डावीकडे कललं. धर्मराज तांदळे खुर्चीत बसल्या बसल्या मान तिरकी करून स्वतःकडे बघत राहिला. चित्रात त्याच्या अंगात निळा स्वेटर होता. असा स्वेटर त्यानं जन्मात घेतला नव्हता. शेजारी मोतिया साडीतली हसरी बाई, तिचा हात त्याच्या खांद्यावर, आणि पुढे उतरत्या उंचीनं तीन लेकरं. वर ठळक अक्षरांत होतं : दीपावलीच्या सहकुटुंब शुभेच्छा. आपलाच, धर्मराज तांदळे, भावी नगरसेवक, प्रभाग क्रमांक नऊ.

"हे तुम्हीच ना?" निवडणूक अधिकारी मॅडमनी विचारलं.

"तोंड माझं हाय," धर्मराज म्हणाला.

"आणि बाकीचे?"

"त्यांना मी ओळखत न्हाई."

मागच्या बाकावर कुणीतरी खुसखुसलं. अर्जांच्या छाननीचा दिवस होता आणि नगरपंचायतीच्या सभागृहात एवढी गर्दी प्रत्यक्ष सभेलाही कधी झाली नव्हती. आक्षेप घेतला होता विजयसिंहानं, प्रभाग नऊच्या मागच्या नगरसेवकानं. एका ओळीचा आक्षेप : उमेदवाराला तीन अपत्ये आहेत. दोनापेक्षा जास्त लेकरं असली की नगरपंचायतीला उभं राहता येत नाही, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. भले भले पुढारी तिसऱ्या लेकरापायी घरी बसले होते. पण लग्नच न झालेला माणूस तिसऱ्या लेकरापायी अडकल्याचं तालुक्यात कुणी ऐकलं नव्हतं.

धर्मराज एकतीस वर्षं एस.टी.त कंडक्टर होता. अर्धं आयुष्य लिंबागणेशच्या रस्त्यावर गेलं. स्थळं आली, गेली. मग नुसतीच गेली. चकलांब्याला दिलेली एक बहीण होती, तीही करोनात गेली. संसार केला नसला तरी त्यानं लोकांच्या संसाराची तिकिटं फाडली होती. दोन फुल, एक हाफ, मांडीवरचं फुकट. निवृत्त झाल्यावर या अनुभवातून त्याची मतं तयार झाली आणि मतं तयार झाल्यावर माणूस निवडणुकीला उभा राहतो, तसा तो राहिला. 'कुटुंब वाचवा, गाव वाचवा' नावाचं त्याचं पत्रक घरोघर गेलं होतं. कलम एक : रात्रीचं जेवण सगळ्यांनी एकत्र बसून करावं. कलम चार : नवरा-बायकोचं भांडण झालं तरी दोघांनी एकाच सीटवर बसावं. कलम सात : लग्न वेळेत करावं. कलम नऊ : घरच्या माणसांविषयी बाहेर खोटं बोलू नये.

दिवाळीच्या तोंडावर त्यानं प्रवीणच्या बॅनरच्या दुकानात फोन करून सांगितलं, सहकुटुंब शुभेच्छा असं टाक. प्रवीणनं ते मनावर घेतलं. सहकुटुंब म्हटल्यावर कुटुंब पाहिजे. कॉम्प्युटरमध्ये होती त्यातलं एक त्यानं निवडलं, बापाचं मुंडकं काढलं, धर्मराजचं लावलं आणि पहाटे चौकात टांगून टाकलं. आज सकाळी येऊन प्रवीण हे सगळं सांगूनही गेला होता. पण त्याच्या शब्दावर मॅडम किती विसंबणार? गावातल्या निम्म्या पुढाऱ्यांचे केस बॅनरवर त्यानंच काळे केले होते.

विजयसिंह उठला. त्यानं आवाज चढवला नाही.

"मॅडम, मी एकच इचारतो. हे चौकात सतरा दिवस होतं. आचारसंहिता लागली तवा नगरपंचायतीच्या माणसांनी उतरवलं. खोटं होतं तर यांनी सतरा दिवसांत उतरवलं कावून न्हाई?"

मॅडमनी धर्मराजकडे पाहिलं.

धर्मराजनं रुमाल काढला, घडी मोडली, परत घातली. पहिल्या दिवशी तो शिडी घेऊनच चौकात गेला होता, हे खरं होतं. शिडी खांबाला लावलीही होती. तेवढ्यात दूधवाला थांबला आणि म्हणाला, "काय भाऊ, बोलला न्हाईत कधी. लई ग्वाड लेकरं हायती." मग मेडिकलवाला म्हणाला, वहिनींना आणा की एकदा गावाकडं. लोक त्याच्याशी थांबून बोलत होते. एरवी लोक त्याला फक्त सुट्टे मागायचे, तेही निवृत्तीनंतर बंद झालं होतं. त्यानं शिडी घेतली आणि घरी परत नेली.

"दिवाळी होती," धर्मराज म्हणाला.

"दिवाळी पाच दिवसांची असते," मॅडम म्हणाल्या.

"हो."

विजयसिंहानं म्हाळूला पुढे केलं. चौकातलं चहाचं हॉटेल म्हाळूचं. फ्लेक्सच्या बरोब्बर समोर. म्हाळू धर्मराजकडे न बघता टेबलाच्या पायाशी बोलू लागला.

"हे रोज संध्याकाळी येऊन बसायचे, मॅडम. तोंड फ्लेक्सकडं करून. दोन-दोन च्या घ्यायचे. मी आपलं सहज इचारलं, थोरली कितवीला हाय. तर म्हणले, सातवीला."

"आणखी काही?"

म्हाळूनं मान खाजवली. "गणितात कच्ची हाय म्हणले."

सभागृह हसलं. विजयसिंह मात्र हसला नाही. तो मनापासून बुचकळ्यात पडलेला दिसला.

"मॅडम, पोरगीच न्हाई, तर गणितात कच्ची कशी?"

धर्मराज फ्लेक्सकडे बघत होता. थोरली दोन वेण्या घालून हसत होती. गणिताचं त्याला कसं सुचलं, तेही आठवेना. त्या संध्याकाळी म्हाळूनं विचारलं आणि तोंडातून ते निघालं, एवढंच. नंतर घरी जाताना तिला कुणाची शिकवणी लावावी याचा त्यानं बसस्टँडपर्यंत विचार केला होता.

"तांदळे, तुम्ही असं म्हणालात?"

"म्हणालो."

"मग खरं काय?"

"खोटं बोललो, मॅडम."

"कशासाठी?"

"त्यानं इचारलं," धर्मराज म्हणाला.

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चेहरा कडक होता, पण आवाज थोडा उतरला. "हे बघा, चित्र तुमच्या विरोधात आहे, तुमचं बोलणं तुमच्या विरोधात आहे. तुम्हाला कुटुंब नाही याचा काही पुरावा आहे का?"

पुरावा होता. धर्मराजनं कंडक्टरची जुनी चामडी पिशवी उघडली आणि एकेक कागद टेबलावर मांडला. रेशनकार्ड : एक नाव, खाली नऊ रिकाम्या ओळी. गॅसचं पुस्तक : वर्षाला तीन टाक्या. पेन्शनचा कागद : वारसाच्या रकान्यात बहिणीचं नाव, त्यावर आडवी रेघ. अंबाजोगाईच्या दवाखान्याचा कागद, हर्नियाच्या ऑपरेशनचा.

मॅडमनी तो वाचला. "नातेवाइकाची सही : भिवराबाई. या कोण?"

"बघा, निघाली बाई," विजयसिंह सरसावला.

"शेजारच्या खाटेवरच्या पेशंटच्या मंडळी," धर्मराज म्हणाला. "सत्तरीच्या होत्या. सहीला कुणीतरी लागतंय म्हणले, म्हणून त्यांनी केली."

"नातं लिहिलंय, 'ओळखीचे'."

"ओळख सहीच्या वेळीच झाली."

कागद झाले, पण कागदांवर विजयसिंहाचं समाधान होईना. बायको-लेकरं पुण्याला ठेवली असतील, कार्डात नाव घातलं नसेल, असं त्याचं म्हणणं. तेव्हा मालनबाई उठल्या. त्या धर्मराजच्या भिंतीला भिंत लागून राहायच्या, अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या. त्याच्या अर्जावर सूचक म्हणून त्यांचीच सही होती. त्यांनी पदर सारखा केला, मॅडमना जयभीम केला आणि सांगायला सुरुवात केली.

"मी सव्वीस वर्षं शेजारी हाय, बाई. यांच्या दारात दुसरी चप्पल बघितली न्हाई. दोरीवर एकच टावेल. चार वाजता उठतेत, अजून ड्यूटी हाय असं वाटतंय त्यांना. भात एकदा लावला की दोन दिवस त्योच खातेत. सणाला माझ्या घरची पोळी जाती, ताट धुऊन परत येतं, त्यात साखर घालून. कोण शिकवलं त्यांना, देव जाणे."

"ठीक आहे, मालनबाई, एवढं पुरे," मॅडम म्हणाल्या.

पण मालनबाई कामाला लागल्या की अर्धवट सोडणाऱ्यातल्या नव्हत्या.

"लाइट गेली की समदी गल्ली एकमेकाला इचारती, तुमची गेली का. हे इचारीत न्हाईत. दारात येऊन नुसते आमच्या खिडकीकडं बघतेत. रात्री जेवताना रेडिओ लावतेत. बातम्या सांगणारी बाई नमस्कार म्हणली की हे नमस्कार म्हणतेत. पावसाचं सांगितलं की 'बरं' म्हणतेत. भिंत पातळ हाय, मला समदं ऐकू येतं."

"मालनबाई, बास," धर्मराज हळूच म्हणाला.

"थांबा हो भाऊ. अर्ज बाद व्हईल." आणि मॅडमकडे वळून, "तापानं फणफणले व्हते गेल्या साली. तीन दिवस. मी काढा घेऊन गेले तर उठून मला म्हणतेत, तिकीट घेतलं का. ज्याला बायको हाय त्यो असा बोलल का, तुमीच सांगा."

आता कुणी हसत नव्हतं. उंच शिपायाचा हात अवघडला असावा, त्यानं फ्लेक्स थोडा खाली घेतला. कुटुंब सरळ झालं. विजयसिंह आपल्या बंद मोबाइलकडे बघू लागला.

मॅडमनी कारकुनाला मजकूर सांगितला. कारकून टाइप करत होता आणि सवयीनं प्रत्येक वाक्य मोठ्यानं म्हणत होता. "कागदपत्रे व शेजाऱ्यांचा जबाब पाहता उमेदवारास पत्नी नाही. अपत्य नाही. उमेदवारावर अवलंबून असणारी व्यक्ती नाही. सबब आक्षेप फेटाळण्यात येतो. अर्ज वैध." शिक्का बसला. मागे कुणीतरी टाळी वाजवली, मग दोघातिघांनी. धर्मराजनं उठून हात जोडले. एकटं असल्याचा सरकारी दाखला गावात त्याच्या एकट्याकडे होता.

फ्लेक्स ज्याचा त्याला परत दिला, पोच घेऊन. पायऱ्यांवर विजयसिंहानं गाठलं. गुंडाळीचं एक टोक त्यानं न सांगता हातात धरलं आणि दोघांनी ती फाटकापर्यंत आणली.

"राग नका धरू, भाऊ. राजकारण हाय."

"न्हाई."

"पण एक सांगू? चित्र लई बेस होतं." विजयसिंह थोडा घुटमळला. "माझ्या घरी पाच जण हायती. एका फोटोत उभे राहिलेले न्हाईत कधी."

मालनबाई रिक्षानं पुढे गेल्या. अर्ज वाचवल्याच्या आनंदात त्यांनी धर्मराजला संध्याकाळी जेवायला बोलावलं होतं, आणि धर्मराजनं सवयीनं, नको नको, भात केलाय, म्हणून सांगितलं होतं. तो गुंडाळी खांद्यावर टाकून प्रवीणच्या दुकानात आला. प्रचाराच्या रिक्षासाठी बॅनर उद्याच पाहिजे होता.

प्रवीण ओशाळला होता. "काका, पैसे नका देऊ. त्याच फोटोतून नीट करतो. स्वेटरात तुमी लई उठून दिसता." त्यानं पडद्यावर चित्र घेतलं आणि कामाला लागला. धाकटं गेलं. मधलं गेलं. थोरली जाताना धर्मराजनं दुकानाबाहेर बघितलं. परत बघितलं तेव्हा बाईच्या जागी मागचं हिरवं झाड भरून आलं होतं. प्रवीणनं खाली 'कुटुंब वाचवा, गाव वाचवा' टाकलं आणि खुर्ची मागे सरकवली. मग पुढे झुकला.

"अर्र. हात राहिला, काका."

निळ्या स्वेटरच्या खांद्यावर चार बोटं होती. एका बोटात अंगठी. मनगटापाशी झाड सुरू होत होतं.

"स्वेटरात गुतलाय. काढला तर खांदा जातोय तुमचा. थांबा, बघतो काही तरी."

धर्मराजनं वाकून जवळून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"राहू दे," तो म्हणाला.

"अहो, कुणी इचारलं तर? परत तक्रार व्हईल."

धर्मराजनं खिशातला शिक्क्याचा कागद काढला, उलगडला आणि दुकानाच्या ट्यूबलाइटखाली धरून सावकाश, एकेका शब्दावर बोट ठेवत वाचला. पत्नीचा उल्लेख होता त्यात, अपत्याचा होता, अवलंबून असणाऱ्या व्यक्तीचाही होता. हाताविषयी कुठंच काही म्हटलेलं नव्हतं.

"छाप," तो म्हणाला.